खुंटाचं फूल

२०१४ चा पावसाळा संपल्यावर आईने वासाच्या गुलाबाचं रोप आणलं. त्यामागचं कारण तिने लपवलं नाही. काचबिंदूमुळे तिची नजर कडांकडून आत आत बंद होत चालली होती. वलसाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. आईने त्यांना पुढचा प्रश्न विचारला नाही. दोन दिवसांनी रिक्षा ठरवून ती कोसबाडच्या बाजूच्या एका रोपवाटिकेत गेली. मी सोबत होते.

रोपवाटिकेच्या मालकाने आधी मोठी, लाल, लांब दांड्यांची फुलं दाखवली. आईने प्रत्येकाला नाक लावलं आणि पुढे सरकली. शेवटी त्याने मागच्या रांगेतून एक काळी पिशवी आणली. तिच्यातल्या रोपावर गुलाबी रंगाचं, जरा विस्कटलेलं एकच फूल होतं. तो म्हणाला, हे दिसायला काही नाही, दुसऱ्या दिवशी गळतं, गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं. आईने नाक लावलं आणि तिथेच उभी राहिली.

"हेच द्या," ती म्हणाली. "मला दिसेनासं झाल्यावर परसातलं एवढं एक तरी मला कळलं पाहिजे."

ती तळासरी तालुक्यातल्या शाळांमध्ये तीसेक वर्षं शिकवून निवृत्त झाली होती. मी एका मराठी दैनिकाला डहाणू आणि तळासरी या दोन तालुक्यांच्या बातम्या पाठवत असे. वडील रेल्वेत होते. ते गेल्यानंतर डहाणूच्या घरात आम्ही दोघीच होतो. घरामागे लहानसं परसू, धुण्याचा दगड, न्हाणीघराचं पत्र्याचं छप्पर आणि चिकूचं एक जुनं झाड. गुलाब न्हाणीघराच्या भिंतीलगत लावला. साबणाचं पाणी मुळाशी जाऊ नये म्हणून मध्ये विटांची एक ओळ घातली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रोपवाटिकेतला गुलाब म्हणजे एक झाड नसतं, दोन असतात. खाली रानगुलाबाचं मूळ, ज्याला खुंट म्हणतात, आणि वर हव्या त्या फुलाचं कलम. खुंट चिवट असतो, कलम नाजूक. डहाणूत हे कोणाला समजवावं लागत नाही, कारण इथला चिकूही असाच वाढतो. खाली रायणीचं रानझाड असतं, वर चिकू. कलमाच्या सांध्याखालून खुंटाला फूट आली की ती मोडायची, नाहीतर खुंट सगळं अन्न स्वतःच खातो आणि वरचं झाड मरतं. हा नियम या भागात इतका मुरलेला आहे की दुसऱ्याच्या चिकूवाडीतून जातानाही सांध्याखालची फूट दिसली तर माणूस वाकतो, ती मोडतो आणि पुढे जातो. मालकाला विचारत नाही. मालकही आभार मानत नाही. वाटेतला काटा बाजूला टाकावा, तसं ते आहे.

पहिले दोन हिवाळे गुलाब चांगला फुलला. आई उजाडायच्या आधी मागचं दार उघडून पायरीवर बसायची. तिला तेव्हा दाराची चौकट दिसायची, चौकटीपलीकडचं झाड दिसायचं नाही. बसल्या जागेवरून ती सांगायची, आज दोन आहेत, त्यातलं एक कालचं आहे. मी जाऊन मोजायचे. ऐकलेल्यावर विश्वास ठेवायची सवय बातमीदाराला नसते. पहिल्या आठवड्यात मला तो योगायोग वाटला. मग मी एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवायला लागले, तिने सांगितलेला आकडा एका बाजूला, मी मोजलेला दुसऱ्या बाजूला. महिनाभरात ती तीनदा चुकली. त्यातल्या दोन वेळा पानाआडचं फूल मलाच दिसलं नव्हतं.

नजर जात होती तसं तिचं नाक तीक्ष्ण होत होतं, असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. ती लक्ष देत होती, आणि आम्ही बाकीचे देत नव्हतो, एवढं मात्र खरं. समुद्राचं पाणी चढतंय की उतरतंय ते ती अंगणात उभी राहून सांगायची. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास यायचा. पश्चिमेचा वारा सुटला की धाकट्या डहाणूला वाळत घातलेले बोंबील आज ओले आहेत की कडक झालेत, तेही तिला कळायचं. पण हे सगळे वास गावाचे होते. गुलाबाचा वास तिचा स्वतःचा होता. तो तिने शोधून आणला होता, आणि रोज सकाळी तो जागेवर आहे की नाही हे बघूनच ती चहा घ्यायची.

गुलाबाला ती मासळी धुतलेलं पाणी घालायची. धाकट्या डहाणूहून पाटी घेऊन येणारी मावशी आमच्याच परसात मासे साफ करायची आणि ते पाणी आईसाठी बालदीत ठेवायची. ती एकदा म्हणाली, "बाई, गुलाबाला पापलेटचं पाणी आणि स्वतःला सुके बोंबील. पुढच्या जन्मी मी तुमच्या परसात गुलाब होऊनच येते."

२०१६ च्या पावसात गुलाब गेला. शेंड्याकडून काळी पडत येणारी फांदी रोज बोटभर खाली उतरत होती. मी काळा भाग छाटला, छाटलेल्या जागी औषध लावलं. चार दिवस थांबल्यासारखं वाटलं आणि परत सुरू झालं. गणपतीच्या सुमाराला काळेपणा सांध्यापर्यंत पोचला. तोपर्यंत आईला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायला लागला होता. तिला मी सांगितलं होतं की गुलाब आजारी आहे. मेला असं सांगायचं होतं, तेवढ्यात मातीच्या अगदी जवळून, सांध्याखालून, एक कोंब वर आला. पाठोपाठ आणखी दोन.

तसे कोंब मी पाहिले नव्हते. पहिल्या आठवड्यात ते वीतभर झाले, दुसऱ्या आठवड्यात हातभर. गुलाबी गुलाबाला तेवढं वाढायला वर्ष लागलं होतं. साल हिरवीगार आणि चकचकीत होती, काटे खाली वाकलेले होते, मांजराच्या नखांसारखे. गुलाबी गुलाबाच्या एका देठावर पाच पानं असायची. इथे सात होती, कुठे कुठे नऊ. चिकूच्या कलमांवर मी दोन-तीन लेख लिहिले होते. हा खुंट आहे हे मला पाहताक्षणी कळलं.

आईने पायरीवरून विचारलं, "फुटलं का गं?"

मी म्हटलं, "फुटलं."

वाक्य खरं होतं आणि बातमी खोटी होती. दोन्ही एकाच वेळी शक्य असतं हे मला माझ्या कामातून माहीत होतं. उद्या सांगू, असं मी ठरवलं. पण त्या संध्याकाळी आई बऱ्याच दिवसांनी आपण होऊन उठली, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली आणि दोघींचा चहा केला. उद्याचं परवावर गेलं.

पंधरा दिवसांनी तिने पानं चाचपली. म्हणाली, पानं बारीक झाली वाटतं, आणि जास्तही. मी म्हटलं, नवी फूट आहे, म्हणून.  ही माझी दुसरी वेळ.

त्यानंतरचं वर्ष मला आठवतं ते लोकांच्या वागण्यामुळे. परसात येणाऱ्या प्रत्येकाला काय झालंय ते दिसत होतं. मासेवाल्या मावशीने एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पापलेट तोलायला घेतलं. रेल्वेतून निवृत्त झालेले शेजारचे काका परसात येऊन गप्पा मारत होते. त्यांचा हात सवयीने खाली फुटव्याकडे गेला. मी नको म्हणून मान हलवली, तसा त्यांनी हात खिशात घातला. कोणी कोणाशी काही ठरवलं नव्हतं. तरीही डहाणूच्या आमच्या आळीत, जिथे खुंटाची फूट कोणी क्षणभर राहू देत नाही, तिथे तीन फुटवे वर्षभर सुखाने वाढले.

आई त्यांना बालदीतलं पाणी घालत होती आणि वास येण्याची वाट बघत होती. हिवाळा आला. फूल आलं नाही. यंदा रुसलाय, असं ती भेटायला येणाऱ्यांना सांगायची. आधी ती सकाळी पायरीवर तासभर बसत असे. जानेवारीत ते अर्ध्या तासावर आलं. मार्चमध्ये ती दार उघडून उभ्या उभ्या एक श्वास घ्यायची आणि दार लावून आत यायची. हे सगळं मी वहीत लिहिलं नाही.

२०१७ च्या दसऱ्यानंतर चिकूच्या सुकलेल्या फांद्या काढायला एक म्हातारे गृहस्थ आले. तळासरीकडच्या एका पाड्यावर त्यांचं घर होतं. घरी त्यांची बोली वेगळी होती, आमच्याशी ते बाजारातलं मराठी बोलत. त्यांचं आयुष्य डहाणूच्या वाड्यांमध्ये कलमं बांधण्यात गेलं होतं. त्यांच्या मुलाला आईने पहिली-दुसरीला शिकवलं होतं, म्हणून ते तिला बाई म्हणत आणि दरवर्षी न बोलावता येत. आदल्या वर्षी ते आजारी होते. त्यामुळे आमचं संगनमत त्यांना माहीत नव्हतं.

आई मागच्या पायरीवर बसली होती. मी आतल्या खोलीत बातमी लिहीत होते. कात्रीचा आवाज सुरू झाला. आईच्या डाव्या हाताला चिकू होता आणि आवाज उजवीकडून येत होता.

"काका, चिकू इकडे आहे," मला तिचं बोलणं ऐकू आलं. "तिकडे काय कापताय?"

"खुंट माजलाय, बाई. तुमचं कलम कधीच मेलं. खालून नुसता खुंट फुटलाय, तीन-तीन. दोन काढले. हा जाड आहे, याला करवत लागेल."

मी दारात आले तेव्हा दोन लांब फांद्या दगडावर पडल्या होत्या आणि ते तिसरीपाशी वाकले होते.

"थांबा," आई म्हणाली.

ते वाकलेलेच राहिले. या कामात त्यांना आजवर कोणी थांबवलं नसावं.

"कलम कधी मेलं?"

त्यांनी सांधा अंगठ्याने दाबून पाहिला. "लाकूड पोकळ झालंय. दोन पावसाळे तरी गेले."

आई माझ्याकडे वळली नाही. मी कुठे उभी आहे हे तिला माहीत होतं.

"तुमच्या पेपरात चूक झाली की दुसऱ्या दिवशी खुलासा छापतात ना?" ती म्हणाली. "माझा खुलासा कुठाय?"

मी तो तिथेच, उभ्याने दिला. काळेपणा सांध्यापर्यंत कधी पोचला, कोंब कुठून आला, तिने दोनदा काय विचारलं आणि मी दोनदा काय उत्तर दिलं. वर्गात मुलांचं पाठांतर ऐकावं तसं तिने मध्ये न बोलता ऐकलं. काका कात्री मिटून जमिनीकडे बघत होते. माझं झाल्यावर ती म्हणाली, "सात पानं मी मोजली होती. मला वाटलं, आता बोटांनाही नीट कळेनासं झालं."

 

 मग आईने काकांना विचारलं, "खुंटाला फूल येतं का?"

"रायणीला येतं. उन्हाळ्यात रायणं खाता की तुम्ही." ते थांबले आणि हातातल्या कात्रीकडे बघितलं. "याला काय येतं... बाई, आम्ही येऊच देत नाही. कोणी बघितलंय?"

"इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग हा राहू दे," आई म्हणाली.

पुढचे दोन-तीन आठवडे बातम्यांसाठी जिथे जिथे गेले तिथे मी तिचा प्रश्न विचारत राहिले. कोसबाडच्या रोपवाटिकेच्या मालकाला उत्तर माहीत नव्हतं. वरोरला एका बाईंच्या अंगणात गुलाबाची वीस-बावीस झाडं होती, त्यांनाही नाही. खुंट हा शब्द सगळ्यांना ठाऊक होता. त्याला कसली फुलं येतात ते कोणालाच सांगता येईना. शेवटी तळासरीला हमरस्त्यालगत रोपं विकणाऱ्या एका माणसाने थोडी माहिती दिली. खुंटाच्या काड्या घाटावरून येतात, तो म्हणाला. तिकडे कुंपणाला लावलेल्या अशा झाडांवर लहान पांढऱ्या फुलांचे घोस येतात असं त्याने ऐकलं होतं. ते जुन्या फांदीवरच येतात. दसऱ्याला गुलाब छाटतात तसं हे छाटलं की त्या वर्षीचं फूल गेलं. आणि थंडी लागते. समुद्राकाठच्या हवेत तेवढी थंडी पडत नाही.

हे सगळं मी आईला ऐकलं तसंच सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही.

"म्हणजे येणार नाही," ती म्हणाली.

"न येण्याची शक्यता जास्त आहे."

"वास असतो?"

"असतो म्हणतात. स्वतः घेतलेला कोणी भेटला नाही."

ती म्हणाली, "मग आपण घेऊ."

त्या हिवाळ्यात काही झालं नाही. थंडी आली कधी आणि गेली कधी ते कळलंही नाही. आईने ते शांतपणे घेतलं, कारण आता तिला ते आधीच सांगितलेलं होतं. ती पुन्हा पायरीवर बसायला लागली. वासासाठी नव्हे. हाताला लागणारी ती फांदी कुठवर गेली, एवढं बघायला.

आणि ती फांदी खरोखरच जात होती. जून २०१८ मध्ये तिचं टोक माझ्या खांद्याला लागत होतं. मी न्हाणीघराच्या भिंतीवर खडूने खुणा करायला लागले. एका ओल्या रात्रीनंतर सकाळी खूण चार बोटं खाली राहिलेली असायची. एवढ्या वेगाने वाढणारी गोष्ट डोळ्यांसमोर हलत नाही, हे मला अशक्य वाटायचं. मी खुर्ची टाकून तासभर बसून पाहिलं. काही हललं नाही. मी चहा घेऊन परत आले तर टोकाजवळचं मिटलेलं पान उघडलेलं होतं. नारळी पौर्णिमेला फांदी छपराच्या कडेला पोचली. काका आता वर्षातून एकदा नव्हे, डहाणूच्या बाजाराला आले की यायचे. त्यांनी बांबू बांधला, सुतळीने फांदी वर चढवली आणि पत्र्यावर पसरू दिली. पत्रा तापतो म्हणून खाली नारळाच्या झावळ्या घातल्या. पावसानंतर निंबोळीची पेंड मुळाशी घातली. ज्या बुंध्याला त्यांनी करवत लावली असती, तो आता त्यांच्या मनगटाएवढा झाला होता. बांधताना त्यांचे हात रक्ताळायचे.

एकदा ते म्हणाले, "याच्या जिवावर गुलाब उभा राहतो ते उगीच नाही."

दसऱ्याला आळीतले सगळे गुलाब छाटले गेले. आमचा राहिला. शेजारचे काका भिंतीवरून म्हणाले की आता न्हाणीघराचं जंगल झालंय, त्यात बिबट्या येऊन बसेल. त्यात बसली ती बुलबुलांची जोडी.

२०१९ चं वर्ष थंडीने सुरू झालं. आमच्या भागात थंडी म्हणजे पहाटे एक चादर जास्त. त्या वर्षी तळासरीकडच्या पाड्यांवर ऊन वर येईपर्यंत शेकोट्या जळत होत्या. उतरवलेले चिकू दिवसेंदिवस कडकच राहत होते आणि बाजारातले लोक कानाला मफलर बांधून फिरत होते. मी थंडीवर दोन बातम्या दिल्या. सगळा गाव थंडी संपायची वाट बघत होता. आई एकटीच म्हणायची, अजून पडू दे. मासेवाली मावशी कुरकुरली, "तुमच्या झाडापायी आमची माणसं होडीवर कुडकुडतात, बाई." आईने तिच्यासाठी जुनी शाल काढून ठेवली, आणि थंडी पडू दे म्हणायचं सोडलं नाही.

होळीला साधारण दोन आठवडे असताना एका पहाटे तिने मला हाक मारली. ती पायरीवर उभी होती.

"मधाची बाटली उघडी आहे का?"

मी बघून आले. बंद होती.

"वरून येतोय. मधासारखा, आणि त्यात लवंगेसारखं काहीतरी आहे. जा, बघ."

मी झाडापाशी गेले. बुंधा, काटे, कोवळी पानं. मला वास आला नाही, रात्रभर सर्दीने नाक बंद होतं. मी परत येऊन सांगितलं, काही नाही. ती म्हणाली, नीट बघ. मी पुन्हा गेले, फांदी छपराच्या कडेपर्यंत नजरेने चढत गेले. पुन्हा काही नाही. तसं सांगितलं. या वेळी मी दिसलं तेच सांगत होते, आणि तरी चुकत होते.

"शिडी लाव," आई म्हणाली.

शिडीच्या चौथ्या पायरीवर माझं डोकं पत्र्याच्या वर आलं. पत्रा दिसत नव्हता. झावळ्या दिसत नव्हत्या. जिथे जिथे फांदी पसरली होती तिथे पांढरे घोस होते, एका घोसात वीस-पंचवीस फुलं, प्रत्येक फूल रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं, पाच साध्या पाकळ्या आणि मध्ये पिवळे केसर. सगळी वर आकाशाकडे तोंड करून, खालून एकही दिसणार नाही अशी. मधमाश्या इतक्या होत्या की आवाज एकच लागत होता. मी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. हे नोंदवते, कारण मोजणं मी सहसा सोडत नाही. बंद नाकातूनही वास आत शिरला. इतकी वर्षं हे सगळं मातीखाली होतं, गुलाबी गुलाबाचं ओझं उचलत होतं, आणि आमच्यापैकी कोणाला त्याच्याबद्दल एक साधा प्रश्न सुचला नव्हता. ज्या एका बाईला सुचला तिला ते दिसणार नव्हतं.

"आहेत का?" खालून आवाज आला.

"आहेत."

"किती?"

"सांगता येत नाही."

ती पायरीवर बसली. तो घूंऽऽ आवाज तिला आदल्या दिवसापासून ऐकू येत होता. तिला वाटलं होतं, शेजाऱ्यांनी पाण्याचा पंप लावलाय.

कलमवाल्या काकांच्या मुलाला मी फोन केला. काका दुपारी जीपने आले. फांदी ओढायची लांब आकडी त्यांनी सोबत आणली होती. ती शिडीला टेकवून आधी ते नुसते वर चढले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. मी वर बघितलं तेव्हा ते दोन्ही हातांनी शिडी धरून नुसते उभे होते. खाली उतरल्यावर त्यांनी आईला सांगितलं, तोडून देत नाही, तुमच्यापाशी आणतो. आकडीने त्यांनी फांदीचं टोक हळूहळू कडेवरून खाली ओढलं आणि आईच्या चेहऱ्यासमोर धरलं.

आईने आधी बोटं लावली. एका फुलाभोवती बोट फिरवलं. "पाच," ती म्हणाली. तिने देठ चाचपला, त्यावरची पानं मोजली. "सात." मग चेहरा घोसात घातला. एक काटा तिच्या हनुवटीला लागला, तिने तो लागू दिला. तिने चेहरा वर काढेपर्यंत काकांनी आकडीची पकड सोडली नाही.

"किती मोडले असतील मी," काका म्हणाले. ते कोणाला उद्देशून नव्हतं.

"तुम्हाला कुठे माहीत होतं," आई म्हणाली. "लांबून आलात, सावलीत बसा जरा."

फुलं अकरा दिवस टिकली. चौथ्या दिवशी काका आणखी चार जणांना घेऊन आले. सगळे कलमं बांधणारे, सगळे साठीच्या पुढचे. एकेक जण शिडीवर चढून उतरला आणि मग पाचही जण भिंतीपाशी रांगेत उभे राहिले. हात पाठीमागे, मान वर. आईने पायरीवरून विचारलं की एवढे गप्प का, देवळात आलाय का. त्यांच्यातले सर्वांत म्हातारे म्हणाले, "बाई, हे सगळं खालीच होतं?"

"खालीच होतं," आई म्हणाली.

निघताना तेच म्हातारे बुंध्यापाशी वाकले. मातीलगत एक नवा कोंब आला होता, पिवळसर, बोटभर. त्यांचा हात तिथवर गेला, अंगठा आणि बोट जवळ आलं. मग त्यांनी हात मागे घेतला, सदऱ्याला पुसला आणि बाकीच्यांच्या मागोमाग फाटकाबाहेर गेले.

या अकरा दिवसांत आई पुन्हा तासभर पायरीवर बसत होती. मी जुनी वही काढली होती. ती सांगायची, कालच्यापेक्षा कमी आहेत, उन्हाकडच्या बाजूचे संपले, न्हाणीच्या दाराकडचे अजून आहेत. मी शिडी लावून बघून यायचे आणि दोन्ही बाजू लिहायचे. दहाव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आज सात-आठ घोस उरलेत. उद्या संपेल."

मी ते वहीत लिहिलं. शेजारची बाजू कोरी ठेवली. शिडी भिंतीला टेकवलेली होती, ती तिथेच राहू दिली.